व्हाउचर कुणी वापरत नाही म्हणे!

रविवार, २ मार्च

धाकट्या दिराकडे पुतण्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला जाऊन आलो. केक बरा होता. बाकी सगळं नासलं.

पुतण्या पाकिटं उघडायला बसला. माझं पाकीट हातात घेतलं तशी धाकटी जाऊ म्हणाली, "उघडू नकोस. आत काय आहे ते मीच सांगते." आख्खी खोली हसली. नणंद हसली, दीर हसला, शेजारपाजारचे जे कोण आले होते तेही हसले. मी वळून पाहिलं तर आमचे हेसुद्धा हसत होते. माझी नजर गेल्यावर त्यांनी हसण्याचा खोकला केला.

मी एकोणीस वर्षं घरातल्या प्रत्येकाला वाढदिवसाला पुस्तकांच्या दुकानाचं व्हाउचर देते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

"ताई, राग मानू नका," जाऊ म्हणाली, "पण व्हाउचर म्हणजे कसं, 'तुझ्यासाठी काय आणावं ते सुचलं नाही' असं छापील पत्रच की."

मी म्हटलं, "तू मला आजवर चार सुगंधी मेणबत्त्या दिल्यास. त्या वेळी काय सुचलं होतं?"

दीर घाईघाईने विचारू लागला, चहा कोण कोण घेणार.

मी गप्प बसणारी नव्हेच. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की शर्ट दिला तर माप आपण ठरवतो, रंग आपण ठरवतो. पुस्तक दिलं तर समोरच्याने काय वाचायचं ते आपण ठरवतो. व्हाउचर ही एकच भेट अशी आहे की ती म्हणते, तुझं तू ठरव. एवढा मान तुम्हाला दुसरं कोण देतं?

"पण वापरतं कोण ते?" नणंद पुटपुटली.

"सगळे वापरतात. दुकानातून आकडा आणून तुमच्यापुढे ठेवते."

बोलून बसले खरी. पण आकडा माझ्या बाजूनेच असणार. माणसं हसतात एक आणि करतात एक.

मुलगी आली नव्हती. ती येत नाही. तिचं पाकीट टपालाने जातं.

मंगळवार, ४ मार्च

दुकानात गेले. चष्मेवाल्याच्या आणि किल्ल्या करून देणाऱ्याच्या मध्ये ते दुकान आहे, तीन पायऱ्या चढून. दुकानवाली माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. केसांत पेन्सिल खोचते आणि मग दिवसभर पेन्सिल शोधते.

मी विचारलं, गेल्या तीन वर्षांत मी नेलेल्या व्हाउचरांपैकी परत किती आली?

ती म्हणाली, "तुमची लगेच सापडतील. लाल शाई असते ना."

ते खरं आहे. व्हाउचर छापताना ह्या लोकांनी माती खाल्लीय. 'हार्दीक शुभेच्छासह'! एका ओळीत दोन चुका. चौतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. चुकीचं छापलेलं माझ्या हातून कुणाकडे जाणार नाही. म्हणून पाकिटात घालण्याआधी मी 'हार्दिक'ची वेलांटी पहिली करते, शुभेच्छांवर अनुस्वार देते आणि समासात खूण करते. कुणी त्याबद्दल आभार मानल्याचं आठवत नाही.

तिने बुटांच्या खोक्यांतून वापरलेली व्हाउचरं काढली. एकतीस गेली होती. नऊ आली होती.

नऊ!

"आणि त्यातली सात एकाच गृहस्थांनी आणली," ती म्हणाली. "उंच, पांढऱ्या मिश्या. शब्दकोड्यांची पुस्तकं घेतात. फार सभ्य आहेत."

त्या सभ्य गृहस्थांसाठी मी आज सकाळी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता.

वर आणखी एक. दुकानवाली म्हणाली की व्हाउचरची पद्धतच ती बंद करते आहे. ३१ मार्चनंतर नवीन मिळणार नाहीत, जुनी चालणार नाहीत. "लोक नेतात, पण आणत नाहीत हो. मला वाटत राहतं, कुणाच्या तरी कपाटात माझं दुकान पडून आहे."

मी म्हटलं, "अजून सत्तावीस दिवस आहेत. बघते मी."

बुधवार, ५ मार्च

ह्यांना विचारलं. त्यांनी आधी चष्मा पुसला.

"ते लोक माझ्याकडे देतात," म्हणाले. "तुला परत कसं करायचं म्हणून. फेकून द्यायचं तर मग... मीच म्हटलं, मला द्या. वाया जाऊ नयेत."

"किती वर्षं?"

"पाच-सहा."

पाच-सहा वर्षं माझ्या पाठीमागे हा उद्योग! माझीच भेट फिरून माझ्याच घरात यायची आणि मी संध्याकाळी त्यांना शब्दकोडं सोडवायला मदत करायची. "सगळे मिळून मला खुळ्यात काढत होतात," म्हटलं. ते म्हणाले, "तसं नव्हतं गं." मग कसं होतं ते त्यांना सांगता आलं नाही. आडवे-उभे शब्द भरणाऱ्या माणसाला ऐन वेळी एक शब्द सापडू नये!

शनिवार, ८ मार्च

सगळ्यांना फोन लावले. व्हाउचर आहे का, असेल तर ३१ तारखेच्या आत वापरा. नणंद म्हणाली, कुठे ठेवलंय ते बघावं लागेल. दीर म्हणाला, हिला विचारतो. मावसबहीण म्हणाली, आजकाल डोळे दुखतात. मी म्हटलं, फोनवर दिवसभर गाणी बघतेस तेव्हा दुखत नाहीत?

खरं बोलला तो पुतण्याच. "काकू, मी गेलो होतो एकदा. आत उभं राहिलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. इतकी पुस्तकं असतात, त्यातलं माझं कुठलं तेच कळत नाही. तू येतेस का बरोबर?"

"मी आले की झालंच. मग मी म्हणेन तेच तू घेशील. तुझं तू ठरवायचं, म्हणून तर व्हाउचर."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

तत्त्व म्हणजे तत्त्व.

गुरुवार, १३ मार्च

पाच दिवसांत एकही जण दुकानात फिरकलेला नाही. रोज फोन करून विचारते. दुकानवाली आता माझा आवाज ऐकल्याबरोबर "नाही हो" म्हणते.

जेवताना हे म्हणाले, "तिच्याकडे तीन असतील."

मी वाढत होते, वाढत राहिले.

मुलगी विमा कंपनीत होती. पंख्याखालची जागा, पुढे बढती. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी राजीनामा देऊन घरी आली आणि म्हणाली, मी सुतारकाम शिकणार. त्या दिवशी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलले त्यात चूक काही नव्हती. आवाज जरा मोठा होता, एवढंच.

हे दर शनिवारी 'फिरायला' जातात आणि येतात तेव्हा चपलांना लाकडाचा भुसा असतो. मी विचारत नाही. पायपुसणं झटकते.

पण तीन व्हाउचरं म्हणजे तीन. तत्त्वाचा प्रश्न असेल तर तिला वगळून कसं चालेल?

शनिवार, १५ मार्च

आज ह्यांना म्हटलं, तुम्ही घरी बसा, फिरायला मी जाते. त्यांनी काही न विचारता कागदावर रस्त्याचा नकाशा काढून दिला. कुठे खड्डा आहे तेसुद्धा दाखवलं होतं.

एका गोदामाच्या मागचा भाग आहे. पत्र्याचं छत, लांबट खोली, भिंतीला ओळीने टांगलेल्या पटाश्या, लहानापासून मोठीपर्यंत. मुलगी पाठमोरी होती. केस कापलेत. फळीवर रंधा मारत होती आणि सालपटं लांबच्या लांब सुटून खाली पडत होती. मी दारात किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

वळली आणि म्हणाली, "बाबांना काय झालं?"

"काही झालेलं नाही. घरी आहेत. मी कामासाठी आलेय."

तिने स्टूल पुसून दिलं. मी बसले नाही. व्हाउचरांची मुदत सांगितली, दुकानाचं सांगितलं, नऊचा आकडा सांगितला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आहेत की. वापरातच आहेत."

"म्हणजे?"

तिने बोट दाखवलं. कामाच्या मोठ्या मेजाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घडी करून काहीतरी सारलेलं होतं. कडेला लाल शाई दिसत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे माझ्या भेटीचं केलंस?"

"जमीन वाकडी आहे. जाडी बरोबर बसली."

"आमच्या घरात कागदाला पाय लावत नाहीत!"

"आई, दर वाढदिवसाला तुझं पाकीट येतं. आत कागद. त्यावर लाल खुणा. ना एक ओळ, ना 'कशी आहेस'. मला वाटायचं, वाढदिवसाच्या दिवशीसुद्धा आईने काहीतरी दुरुस्त करूनच पाठवलंय."

"ती छपाईतली चूक होती."

"ते कळतं मला."

मग ती म्हणाली, "मी काय वाचते, तुला माहीत आहे?"

"नाही. म्हणूनच तर व्हाउचर देते."

"विचारायचं असतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

तिने पटाशीची धार अंगठ्याने बघितली. "नाही," म्हणाली. खोटं बोलत नाही ती. लहानपणापासून नाही.

मेजावर एक खण पडला होता, बिनमुठीचा. मी सवयीने उचलून बघितला. कोपऱ्यात दातात दात अडकवून लाकूड जोडलेलं. खिळा नाही. चौतीस वर्षं मी चुका शोधून पोट भरलं. चारही कोपरे फिरवून पाहिले, नख घालून पाहिलं. एका केसाची फट नाही. कुठेही काही सापडलं नाही.

खाली ठेवला आणि म्हटलं, "३१ तारखेपर्यंत रोज चार वाजता मी त्या दुकानात बसणार आहे. यायचं तर ये."

"आणि नाही आले तर?"

"तर मी बसलेली असेन."

सोमवार, १७ मार्च

चारला जाऊन बसले. दुकानवालीने कुठे बसू द्यावं ते न कळून मला हिशेबाच्या मेजाशेजारी खुर्ची दिली. सहापर्यंत होते. कुणी आलं नाही. तिच्या पाटीवरची एक चूक सांगितली.

गुरुवार, २० मार्च

पुतण्या आला. ह्यांनी पाठवला असणार. म्हणाला, "तू आधीपासून इथे बसली आहेस, म्हणजे मी तुला बरोबर आणलं नाही. तत्त्व शाबूत आहे."

ह्या मुलाला वकील करायला हवा होता.

तो कपाटांसमोर उभा राहिला आणि खरंच परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम झाला. मला ते बघवेना. पुस्तक सुचवायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून मी विचारलं, "शेवटचं असं काय वाचलंस, की जेवायला हाक मारलेली ऐकू आली नाही?"

तो लाजला. "पुस्तक नाही ते. एक पूल कसा पडला त्याचा अहवाल होता. कुठला बोल्ट आधी गेला, मग कुठला. शंभर पानं होती."

दुकानवालीने कान टवकारले, पेन्सिल शोधली, सापडली नाही, तशीच मागच्या कपाटाकडे गेली आणि पडलेल्या पुलांवर, फुटलेल्या धरणांवर एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. पुतण्या उभ्या-उभ्या वाचू लागला. साडेपाचला मी हाक मारली तर ऐकू आली नाही.

आकडा दहा.

सोमवार, २४ मार्च

रोज कुणी ना कुणी येतं. आमच्या घरातलेच नव्हेत, परकेही. व्हाउचर हातात धरून दारात अवघडून उभे राहतात. मी खुर्चीवरून तोच प्रश्न विचारते. एका परिचारिकेने सांगितलं, तिला फक्त वाईट माणसांच्या गोष्टी आवडतात, कारण दिवसभर चांगलं वागून जीव आंबतो. तिला तीन मिळाल्या. एक निवृत्त बसचालक म्हणाला, मी आयुष्यात काही वाचलेलं नाही, फक्त नकाशे. त्याला नकाशांचं पुस्तक मिळालं. तो ते पोटाशी धरून गेला.

आज जाऊ आली. पर्समधून घडी पडलेली जुनी-नवी चार व्हाउचरं काढून माझ्यासमोर ठेवली.

"मी हरले म्हणून आलेले नाही," म्हणाली.

"बस."

"ताई, मी पुस्तक घेऊन बसले ना, की घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच माझ्याकडून काहीतरी हवं असतं. पाच पानं सलग वाचून किती वर्षं झाली सांगू? तुमचं पाकीट आलं की मला माझाच राग यायचा. मग मी हसायचे."

एक बारीकशी रहस्यकथा घेतली तिने. पर्समध्ये मावेल, स्कूटरवर बसून वाचता येईल अशी. मी म्हटलं, तुझ्या मेणबत्त्यांपैकी एक मी लावली होती. वास चांगला आहे.

हे खोटं होतं. घरी आल्यावर लावली. वास बरा आहे.

शनिवार, २९ मार्च

दुकानवाली म्हणते, वर्षभरात आली नाहीत तेवढी व्हाउचरं ह्या दोन आठवड्यांत आली. तरीही ३१ ला बंद म्हणजे बंद. मी वाद घातला. ती म्हणाली, "तुम्ही रोज थोड्याच इथे बसणार आहात?"

हे काय बोलणं झालं! माझा आणि व्हाउचर चालण्याचा काय संबंध? व्हाउचर आपल्या गुणावर चालतंय. मी फक्त खुर्चीवर बसते.

मुलगी आलेली नाही. हे आज फिरायला गेले. चपलांना भुसा होता. मी विचारलं, "मेज हलतंय का तिचं?" म्हणाले, "नाही बघितलं." बघितलं असणार.

मंगळवार, १ एप्रिल

काल लिहायला बसले नाही. मन जाग्यावर नव्हतं. आज लिहिते.

चारला गेले. पाच वाजले, सहा वाजले. दुकानवाली साडेसहाला शटर ओढते. सव्वासहाला तिने पुसायला घेतलं. माझ्या पायाखालून पुसलं. मी पाय उचलले, पण उठले नाही.

सहा वीसला मुलगी पायऱ्या चढून आली. कपाळावर भुसा तसाच. तीन व्हाउचरं मेजावर ठेवली. चौपदरी घड्या, मधोमध मेजाच्या पायाचा चौकोनी ठसा.

दुकानवालीने उलगडून तारखा बघितल्या. "दोहोंची वर्षभराची मुदत आधीच संपलीय. एकच चालेल."

मुलगी म्हणाली, "राहू दे. एक तर एक."

"तू थांब," मी म्हटलं. मग दुकानवालीला म्हटलं, "दोन आठवडे मी तुमच्याकडे बसले. तुमच्या पाटीतली चूक दाखवली, पावतीपुस्तकातल्या चार दाखवल्या. शटरवरची अजून सांगितलेली नाही. ह्या मुलीने ही तीन वर्षं रोज वापरलीत. त्यांच्या भरवशावर लोकांच्या घरातली कपाटं उभी राहिलीत. तुमच्याकडे आलेलं कुठलं व्हाउचर इतकं कामाला आलं?"

दुकानवालीने एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं. "शटरवर काय चुकलंय?"

"आधी शिक्का मारा."

तिने तिन्हींवर शिक्का मारला. मुलगी तोंड फिरवून हसत होती. तिचे खांदे हलताना मला दिसले.

मी तिला सरळ सुतारकामाच्या कपाटाकडे न्यायला निघाले. ती येण्याआधीच हेरून ठेवलं होतं ते. ती म्हणाली, "आई, दिवसभर लाकूडच बघते मी." आणि दुसऱ्या टोकाला गेली, खाली बसली, आणि तळाच्या फळीवरून एक मोठं चित्रांचं पुस्तक ओढून काढलं. खोल समुद्रातले जीव. जिथे उजेड पोचत नाही तिथले. स्वतःच्या डोक्यावर दिवा घेऊन फिरणारे मासे.

"हे कधीपासून?"

"दहावीपासून."

दहावीला ती माझ्या समोरच्या मेजावर बसून अभ्यास करायची. मी प्रुफं तपासायची. मधे एक दिवा होता. तिची प्रत्येक वही मी तपासली आहे. माशांचा एक शब्द माझ्या नजरेखालून गेलेला नाही.

ती पानं उलटत होती, मी शेजारी उभी होते. एका माशाचं नाव मोठ्याने वाचलं तिने. मग दुसऱ्याचं. मी "हं" म्हणत होते.

पुस्तक दोन व्हाउचरांत बसलं. तिसरं तिने माझ्या हातात दिलं. "हे तू वापर."

"मला कशाला? माझ्याकडे काय कमी आहे?"

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. "शेवटचं काय वाचलंस, जेवायची हाक ऐकू आली नाही असं?"

कुणी सांगितलं हिला? ह्यांनीच.

मी कपाटांसमोर उभी राहिले. चौतीस वर्षं रोज वाचलं. शेतीच्या पुस्तिका, कायदे, कादंबऱ्या, औषधांची माहितीपत्रकं, जे मेजावर आलं ते. समोर येईल ते वाचायचं, चूक काढायची, पुढचं घ्यायचं. एकही पान मी मागून घेतलेलं नव्हतं. ही सगळी पुस्तकं माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि मला एकाचंही नाव घेता येईना. घाम आला. साडेसहा होऊन गेले. दुकानवाली शटरची काठी हातात धरून उभी होती.

"सुचत नाही का?" मुलीने विचारलं. टोचून नाही, सरळ विचारलं.

"सुचेल. घाई काय आहे?"

"आज शेवटचा दिवस आहे हो," दुकानवाली म्हणाली.

मी व्हाउचर घडी करून पर्समध्ये ठेवलं. म्हटलं, "ह्यावर तुमचा शिक्का आहे. म्हणजे तुम्ही ते स्वीकारलंय आणि पुस्तक द्यायचं बाकी आहे. ते दिल्याशिवाय तुम्हाला काही बंद करता यायचं नाही."

"कधी घेणार मग?"

"ठरलं की. उद्या चारला येते."

"ठरायला किती दिवस लागतील?"

"मला काय माहीत? पहिल्यांदाच ठरवतेय."

तिने कपाळाला हात लावला. मग मागे वळून भिंतीवर लावलेला '३१ मार्चपासून व्हाउचर बंद' असा कागद काढला आणि शटर ओढायला आम्हाला बाहेर घातलं.

मुलगी बसथांब्यापर्यंत आली. पुस्तक जड होतं, एक बाजू मी धरली होती. बस आल्यावर म्हणाली, "उद्या चारला मला जमणार नाही. गुरुवारी जमेल."

म्हटलं, गुरुवारपर्यंत काही ठरत नाही माझं.

आज चारला जाऊन आले. ठरलं नाही. चौथ्या कपाटापर्यंत आलेय.